सातव्या तुतारीतून राजीनामा

"प्रिय ब्रदर मोरेन, काल आपण पहिल्यांदाच आमच्या कुटुंबात पाऊल टाकलंत, आम्हाला अतिशय आनंद झाला. आता आपण एकटे नाही!"

मोरेनिकेबाईंनी मोबाईलवर आलेला हा निरोप वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि समोरची गरम अकाऱ्याची, चवळीच्या भज्यांची, बशी दूर सारली. सोमवारची सकाळ, तोंडात पहिला घास, आणि म्हणे ब्रदर!

"अहो, मी ब्रदर आहे का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

बोलादेंनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोनं त्यांना बरेच अवघड प्रश्न विचारले होते, पण हा नवीन होता. "कोण म्हणालं?"

"सातवी तुतारी म्हणाली! आणि मी काल पहिल्यांदाच आले म्हणे. अकरा वर्षं जातेय मी त्या चर्चला. ड विभाग, चौदावी रांग, खांबाशेजारची खुर्ची. पाऊल टाकलंत म्हणे! पाऊल तिथंच मोडलंय माझं!"

यातलं शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं. नायजेरियात लागोसहून इबादानकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर 'सातवी तुतारी' नावाचं जे चर्च होतं, ते म्हणजे छप्पर घातलेलं मैदानच होतं. दर रविवारी तिथे चाळीस हजार माणूस जमे. व्यासपीठावरचे मुख्य पास्टर मुंगीएवढे दिसत आणि पडद्यावर तिमजली इमारतीएवढे. सात आठवड्यांपूर्वी प्रार्थना ऐन रंगात आलेली असताना कुणाच्या तरी बाटलीतल्या सांडलेल्या पाण्यावरून मोरेनिकेबाई घसरल्या आणि दोन रांगांमधल्या वाटेत आडव्या झाल्या. आता त्या चर्चमध्ये आडवं होण्यात कुणाला नवल नव्हतं. पवित्र आत्म्याचा स्पर्श झाला की माणसं धडाधड पडत, आणि पडलेल्या बायकांच्या पायांवर पांघरायला मरून रंगाची कापडं घेऊन स्वयंसेविका उभ्याच असत. बाईंच्या अंगावरही एक कापड पडलं.

"माझा पाय!" बाई किंचाळल्या.

"आमेन!" स्वयंसेविका म्हणाली.

"अगं, मोडला गं!"

"मोडला! सैतानाचा कणा मोडला! हालेलुया!" आणि आजूबाजूच्या दोनशे माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

बाई वीस मिनिटं त्या कापडाखाली पडून होत्या. त्या जितक्या जोरानं ओरडत, तितकी भोवतालच्या लोकांची श्रद्धा दुणावत होती. शेवटी एका नर्सबाईला घोट्याची सूज दिसली म्हणून, नाहीतर त्यांची साक्ष पुढच्या रविवारी पडद्यावर दाखवली असती.

पण पडण्यापेक्षाही पुढचे सात आठवडे त्यांना जास्त लागले. चौतीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत काढली होती, त्यातली बारा मुख्याध्यापिका म्हणून. एखादं पोर दोन दिवस आलं नाही, तर तिसऱ्या दिवशी बाई त्याच्या दारात. आणि इथे चौदाव्या रांगेतली एक खुर्ची सात रविवार रिकामी राहिली, तर चाळीस हजारांतल्या एकाचाही फोन नाही.

उलट बोलादेंचं गल्लीतलं जुनं अँग्लिकन चर्च. डोकी मोजून नव्वद, आणि त्यातली बारा कायम झोपलेली. पण प्लॅस्टर घातल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या वॉर्डन मिसेस कोकर पाच बायकांची तुकडी घेऊन हजर झाल्या. सोबत केळीच्या पानात वाफवलेलं, वाटल्या चवळीचं मोइन-मोइन होतं. ते त्यांनीच निम्मं संपवलं. मग पडदे कधी धुतले होते ते विचारलं, फ्रिज उघडून पाहिला, बाथरूमला जाऊन आल्या आणि एक लांबलचक प्रार्थना करून गेल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या, आणि त्याच्या पुढच्याही.

बोलादेंची छाती दर वेळी फुगायची. "याला म्हणतात आपली माणसं! तुझे चाळीस हजार कुठं आहेत गं? ट्रॅफिकमध्ये अडकलेत का?"

"एवढ्या मोठ्या संसारात होतं असं," बाई म्हणायच्या. "जत्रेला गेलेलं माणूस घरी पोचलं का, हे पाळणेवाला विचारतो का?"

"मग चर्च म्हण की जत्रा, ते तरी ठरव."

सात आठवडे बाईंनी असा किल्ला लढवला होता. त्या ब्रदरनं मात्र बुरूजच ढासळवला. आदल्या रविवारी त्यांनी मोबाईलवर थेट प्रार्थना बघायला नाव टाकलं होतं. नाव पुरतं टाईप व्हायच्या आत वीज गेली, नेट बंद पडलं आणि अर्धंच नाव पुढं गेलं होतं. तेवढ्यावरून कुठल्याशा यंत्रानं त्यांना ब्रदर करून टाकलं. यंत्राला आठवण आली आणि माणसांना नाही!

"मी राजीनामा देणार," बाईंनी जाहीर केलं.

"दे," बोलादे म्हणाले. "पण तू गेलीस हे त्यांना कळणार कसं?"

बाईंनी कुबडी उचलली, ती चालायलाच, पण बोलादे जरा मागे सरकून बसले.

बुधवारी बाई निघाल्या. मुख्याध्यापिकेच्या अक्षरात लिहिलेला दोन पानी राजीनामा पाकिटात होता. तुतारीच्या कचेरीत एका ओळीत खिडक्या होत्या: लग्न, बारसं, व्हिसासाठी प्रार्थना, नव्या गाडीला आशीर्वाद, साक्ष नोंदणी. बाईंनी दोन वेळा खिडक्या वाचल्या आणि मधल्या टेबलाशी गेल्या. तिथे तिशीतली, मरून कोट घातलेली इबिसो नावाची बाई बसली होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कोटासारखंच इस्त्री केलेलं होतं.

"स्वागत आहे, आई! पहिल्यांदाच आलात?"

"अकरा वर्षांनी," बाई दात आवळून म्हणाल्या. "सोडण्याची खिडकी कुठली?"

"सोडण्याची? सिगारेट की दारू, आई?"

"चर्च!"

इबिसोच्या हसण्याला पहिल्यांदाच सुरकुती पडली. "चर्च कसं सोडतात, आई?"

"हे मी सांगू का तुला? अर्ज असेल ना काहीतरी."

इबिसोनं ड्रॉवर उघडला. येण्याचे अर्ज होते, बुडवून बाप्तिस्मा घेण्याचे होते, परदेशातल्या शाखेत बदली करून घेण्याचेही होते. जाण्याचा नव्हता. "आजवर कुणी मागितलाच नाही हो. लोक येतात, आणि मग… येत नाहीत."

"तसं गुपचूप नाही जायचं मला. मी काय शाळा बुडवणारं पोर आहे? हा घ्या लेखी राजीनामा. पोच द्या."

"देते की. सदस्य क्रमांक सांगा."

बाईंना क्रमांक पाठ होता. इबिसोनं तो टाईप केला, मान तिरपी करून पडद्याकडे पाहिलं, मग नाव टाईप केलं, मग आडनाव. "आई, या क्रमांकावर पोर्ट हारकोर्टचे एक गृहस्थ आहेत. मोरेनिके ओयेलारान नावाच्या अकरा बायका आहेत, पण तुमची जन्मतारीख एकीचीही नाही. तुमचा अर्ज कागदी असणार. कागदी नोंदवह्या होत्या त्या खोलीचं छप्पर एका पावसात गळलं."

"म्हणजे?"

"म्हणजे कागदोपत्री तुम्ही सदस्यच नाही. मग राजीनामा कशाचा घेऊ?"

बाईंच्या कानशिलाची शीर उडू लागली. "अकरा वर्षं मी इथं येतेय, माझा पाय इथं मोडला, आणि मी सदस्य नाही?"

"मी नाही म्हणत, कंप्युटर म्हणतोय, आई."

"मग करा मला सदस्य! आत्ता! लगेच राजीनामा देते."

"लगेच नाही होत. नव्या लोकांना आठ आठवड्यांचा पायाभूत वर्ग असतो. दर रविवारी दुपारी. तो झाला की कार्ड मिळतं." आणि मग, मदत करण्याच्या शुद्ध हेतूनं, इबिसो म्हणाली, "तोपर्यंत मी साहेबांना विचारून सोडण्याचा अर्ज छापून घेते ना."

दुसरं कुणी असतं तर घरी गेलं असतं. मोरेनिकेबाईंनी वर्गात नाव घातलं. घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा बोलादेंना हसता हसता ठसका लागला. "बाहेर पडायला आधी आत जाणार? आठ आठवडे?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"आणि तुला तिथं सोडणार कोण? या पायानं?"

"तुम्ही."

बोलादेंचं हसू थांबलं.

वर्ग एका पत्र्याच्या शेडमध्ये भरे. एकतीस माणसं, चार पंखे, त्यातला एक चालू. शिकवायला पास्टर उचेन्ना. पंचेचाळिशीचा, घामेजलेला, भला माणूस; पण त्याच्याकडे असे सहा वर्ग होते. हजेरीसाठी तो एक कागद फिरवायचा. पहिल्याच रविवारी बाईंनी पाहिलं की शेजारच्या तरुणीनं एकाच पेनानं तीन वेगवेगळ्या सह्या केल्या.

"हे काय चाललंय?" बाईंचा आवाज शेडमध्ये घुमला. चौतीस वर्षांत तो कधी वाया गेला नव्हता. एकतीसच्या एकतीस माणसं ताठ बसली, पास्टर उचेन्नाही.

"मैत्रिणी आहेत माझ्या, त्या येणारच होत्या…"

"देवाच्या घरात खोटी हजेरी! पास्टर, तो कागद इकडे द्या."

त्या दिवसापासून हजेरी बाई घेऊ लागल्या. नाव, गाव, काम, राहायला कुठे. दुसऱ्या रविवारी सगळा वर्ग त्यांना 'मोठ्या बाई' म्हणू लागला. तिसऱ्या रविवारी सलोमे नावाची शिंपीण आली नाही. सलोमे कुठं आहे, असं बाईंनी विचारलं, तर सगळे एकमेकांकडे बघू लागले. बाईंचं डोकं सणकलं. सोमवारी त्यांनी पत्ता काढला, रिक्षा केली आणि डब्यात झणझणीत मिरीचं पेपर सूप घेऊन थेट सलोमेच्या खोलीवर धडकल्या. ती मलेरियानं फणफणली होती. दारात कुबडी टेकलेल्या मोठ्या बाईंना पाहून ती रडायलाच लागली.

"रडू नकोस, सूप पी," बाई खेकसल्या. "आणि पुढच्या वेळी आजारी पडायचं झालं तर आधी कळवायचं."

चौथ्या रविवारी पास्टर उचेन्नांनी विचारलं, "एवढी चर्चं असताना तुम्ही इथंच का आलात?" कुणी म्हणालं गाणी, कुणी म्हणालं चमत्कार. एक जण प्रामाणिकपणे म्हणाला, इथे मोठ्या सभागृहात एसी आहे. मग मागून एफियॉन्ग उठला. कालाबारकडचा, अंगापिंडानं दांडगा ट्रकवाला.

"गावच्या चर्चमध्ये मी डोळे पुसले तर संध्याकाळपर्यंत माझ्या म्हातारीला कळतं," तो म्हणाला. "माझी बायको गेली तेव्हा जो तो घरी येऊन सांगायचा, असं कर, तसं करू नको, दुसरी बघ. मी पळालो. इथं येऊन तीन महिने मागच्या रांगेत बसून रडलो. शेजारच्यानं रुमाल दिला, नाव नाही विचारलं. लई बरं वाटलं बघा."

मोरेनिकेबाई हजेरीच्या वहीकडे बघत राहिल्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांची धाकटी बहीण बाळंतपणात गेली, तेव्हा गल्लीतल्या चर्चच्या बायका रोज घरी यायच्या. किती रडावं, कधी थांबावं, बहिणीनं आधी कुठल्या डॉक्टरला दाखवायला हवं होतं, सगळं सांगायच्या. एका रविवारी बाई घरून निघाल्या त्या तडक हमरस्त्याला लागल्या, आणि चाळीस हजारांच्या त्या गजरात त्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं गळा काढला. कुणी वळून पाहिलं नाही. म्हणून तर त्या पुढच्या रविवारी पुन्हा गेल्या होत्या.

त्यांना एकदम स्वतःचाच राग आला. कुणी बघू नये म्हणून इथं यायचं, आणि कुणी बघितलं नाही म्हणून भांडायचं! पण स्वतःवर चिडण्याची त्यांना सवय नव्हती. त्यामुळे त्यांनी पास्टर उचेन्नांच्या फळ्यावरचं शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि घरी गेल्यावर एफियॉन्गला फोन करून जेवला का, ते विचारलं.

इकडे बोलादेंचे दिवस फिरले होते. बाईंना वर्गाला सोडायचं, म्हणजे दोन-अडीच तासांचा ट्रॅफिक. पहिल्या रविवारी त्यांचं स्वतःचं चर्च बुडालं. तीस वर्षांत पहिल्यांदा. सोमवारी सकाळी सातला मिसेस कोकर दारात.

"बंधू बोलादे, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग काल?"

"हिला सोडायला गेलो होतो."

"तुतारीला?" मिसेस कोकरनी छातीवर हात ठेवला. दुपारी गायनमंडळाच्या दोघी आल्या. संध्याकाळी खुद्द पाद्री आले आणि उठताना "काही मनात असेल तर बोला" म्हणाले. मंगळवारी गल्लीच्या तोंडाशी केळी विकणारी बाई म्हणाली, "साहेब, तुम्ही पण धर्म बदलला म्हणे?"

पुढच्या रविवारपासून बोलादे पहाटेची प्रार्थना गाठून मग बाईंना सोडायला निघू लागले. तरी चौकशा थांबल्या नाहीत. दर आठवड्याला कुणीतरी येई, बसे, खाई, बाथरूमला जाई.

"आपली माणसं," बाई एकदा नुसतं एवढंच म्हणाल्या. बोलादेंनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

आठवा रविवार उजाडला. त्या दिवशी बाईंना सोडायला सलोमे आपल्या मेव्हण्याची गाडी घेऊन आली, त्यामुळे बोलादे निवांतपणे आपल्या मोठ्या प्रार्थनेला जाऊ शकले. तुतारीच्या शेडमध्ये एकतीसच्या एकतीस माणसं हजर होती. पास्टर उचेन्ना म्हणाले, आजवर त्यांचा एकही वर्ग पूर्ण पटानं उत्तीर्ण झाला नव्हता. कार्डं वाटली गेली. बाईंनी आपल्या कार्डावरचं नाव नीट तपासलं. बरोबर होतं. पुढे 'सिस्टर' होतं. त्यांनी कार्ड पर्समध्ये घातलं आणि कुबडी नसलेल्या, पण अजून थोड्या लंगडत्या पायानं थेट कचेरी गाठली.

इबिसो शब्दाला जागली होती. तिनं ताजा छापलेला अर्ज पुढे केला. वर ठळक अक्षरात 'सातवी तुतारी', खाली नाव, क्रमांक, आणि 'सोडण्याचे कारण', त्यापुढे तीन ओळी.

"साहेब म्हणाले, पहिला मान तुमचा," इबिसो म्हणाली. "खरंच जाताय, मोठ्या बाई?"

"तुला कुणी सांगितलं मला मोठ्या बाई म्हणतात ते?"

"सगळ्यांना माहितीय."

बाईंनी नाव लिहिलं. क्रमांक लिहिला. कारणाच्या ओळीवर पेन टेकवलं आणि लिहायला घेतलं: 'या चर्चमध्ये मला कुणीही'…

"मोठ्या बाई!" खांद्यावर पंजा पडला. एफियॉन्ग. "बाई, मंगळवारी कानोला निघालोय. पोचलो की फोन करतो, नाहीतर तुम्ही ओरडाल."

"कर. आणि दिवे तपासून घे." बाईंनी पुन्हा पेन टेकवलं. 'ओळखत'…

"मोठ्या बाई, तुमचं माप घ्यायचं राहिलं," सलोमे फीत घेऊन उभी. "सगळ्या वर्गाला एकाच कापडाचे कपडे शिवायचे ठरलेत. तुम्ही जाड झाल्यात का हो थोड्या?"

"गप्प बस!"

मग तीन सह्यांची ती तरुणी आली. आपल्या दोन्ही मैत्रिणींना खरोखरच घेऊन आली होती, दाखवायला. मग पास्टर उचेन्ना आले. पुढच्या वर्गाला त्रेपन्न लोक आहेत, हजेरीचं कसं करायचं, ते विचारायला. प्रत्येक वेळी बाई चिडून मान वर करत आणि प्रत्येक वेळी खाली बघितलं की तेच अर्धं वाक्य दिसे. 'या चर्चमध्ये मला कुणीही ओळखत'… पुढे 'नाही' एवढाच शब्द राहिला होता. चौतीस वर्षांत त्यांनी खोटं लिहिणाऱ्या पोरांच्या वह्यांवर लाल शेरे मारले होते. पेन पुढे सरकेना.

"अरे, जरा शांतता मिळेल का इथं माणसाला!" त्या ओरडल्या. "राजीनामासुद्धा धड लिहू देत नाहीत!"

त्यांनी तो अर्ज टराटरा फाडला. मग इबिसोकडे हात केला. "दुसरा दे. घरी नेऊन शांतपणे लिहिते."

घरी पोचल्या तेव्हा बोलादे पंख्याखाली बसले होते. टाय गळ्यात तसाच होता, बूट पायात तसेच होते, आणि चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"त्या कोकरबाईला आपल्या बाथरूममध्ये मलमाची ट्यूब दिसली."

"कुठली ट्यूब?"

"ती," बोलादे म्हणाले. "आज सूचना वाचताना तिनं माईकवरून सांगितलं. 'आपले बंधू बोलादे ओयेलारान यांच्या मूळव्याधीसाठी आपण सर्वांनी उभं राहून प्रार्थना करू या.' उभं राहून! नव्वदच्या नव्वद माणसं उभी राहिली. झोपलेली बारासुद्धा उठवली. आणि मी एकटा बसलेला. मग पाद्री म्हणतात, 'बंधू, बसवत नसेल तर तुम्हीही उभे राहा.'"

बाईंनी पदरासारखा आपल्या डोईच्या कापडाचा शेव तोंडावर धरला. खांदे हलत होते.

"हसू नकोस! दाराशी प्रत्येकानं औषध सांगितलं. केळीवालीनंसुद्धा! पपईची पानं उकळून त्यात बसा म्हणाली!" बोलादे उठले, येरझाऱ्या घातल्या आणि बायकोच्या हातातल्या कागदाकडे बघत थांबले. "हा काय?"

"सोडण्याचा अर्ज. अजून भरला नाही. विचार करतेय."

"कोराच आहे?"

"हो."

बोलादेंनी तो हातात घेतला, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. "वर तुतारीचं नाव छापलंय."

"छापणारच ना."

"खोडता येईल," बोलादे म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं, टेबलाशी बसले, जरा कण्हून कूस बदलली आणि ते नाव सरळ रेघ मारून खोडलं. मग 'कारण' लिहिलं होतं तिथल्या ओळींवरून बोट फिरवलं. "तीनच ओळी?"

"तीनच."

बोलादेंनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू पूर्ण कोरी होती. त्यांनी बाही वर सारली आणि लिहायला सुरुवात केली.